मूळ गाव कोणतं? : केजन मुलखातले चार दिवस

गुरुवार

सासूबाई ह्यूस्टनला सहा महिन्यांसाठी येतात आणि तिसऱ्या महिन्यात त्यांना घर खायला उठतं. नवऱ्याचं म्हणणं, न्यू ऑर्लीन्सला जाऊ. मला गर्दी नको होती. शेवटी तिथवर न जाता अलीकडेच थांबायचं ठरलं: लुइझियानाचा नैर्ऋत्य भाग, फ्रेंच मुळाच्या केजन लोकांचा मुलूख. आय-टेन हायवे धरला की साडेतीन-चार तासांत लाफायेत. करोनाच्या आदल्या वर्षाची गोष्ट, मार्चचा शेवटचा आठवडा.

आधी आमच्या गाडीतल्या मंडळींविषयी, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी सांगलीकडची. नवरा चेन्नईत वाढलेला, पण घर तंजावरच्या मराठी लोकांचं. एकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला गादी स्थापली, आणि त्या राजवटीत जी मराठी कुटुंबं खाली गेली ती तिकडचीच झाली. साडेतीनशे वर्षांनंतरही घरात मराठी बोलतात. सांबाराला सासूबाई ‘आंबट वरण’ म्हणतात, हेल पूर्ण तमिळ, आणि काही शब्द असे की मला आधी आजीच्या तोंडच्या ओव्या आठवतात, मग अर्थ लागतो. लग्नानंतर पहिलं वर्षभर मी बहिणीला फोन करून त्यांची नक्कल करून दाखवायचे. त्यांना ते ठाऊक आहे की नाही, मी कधी विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी इथल्या गणपतीत एका बाईंनी ‘अय्या, किती मजेशीर मराठी!’ असं तोंडावर म्हटलं. तेव्हापासून मराठी माणसांशी सासूबाई इंग्रजीत बोलतात. कुठल्या, असं कुणी विचारलं तर ‘मद्रास’ सांगून मोकळ्या होतात.

सबीन नदी ओलांडली की टेक्सास संपतं आणि स्वागताच्या पाटीवर फ्रेंच दिसतं. तासाभरात रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं सुरू झाली. पाणी भरलेलं, पण भात नाही. पाण्यातून जाळीच्या सापळ्यांची तोंडं ओळीनं वर आलेली आणि त्यांच्यामधून एक पसरट होडी चालली होती, मागच्या बाजूला चाक असलेली. खाचरातही चालते, बांधावरूनही जाते. हे क्रॉफिशचं पीक. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, बोटभर लांबीचा, झिंग्यासारखा नांग्यांचा जीव. उन्हाळ्याच्या शेवटी भात कापतात, शरदात त्याच शेतात पुन्हा पाणी सोडतात. जमिनीत बिळं करून बसलेले क्रॉफिश पिल्लं घेऊन वर येतात, भाताच्या धसकटांवर वाढतात आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत सापळ्यात सापडत राहतात. एका शेताचे दोन पगार. नवरा म्हणाला, कोकणात करायला हवं. नवऱ्याला प्रवासात असं बरंच काही कोकणात करायला हवं असतं.

क्राउलीला चहाला थांबलो. गावाची ओळख पाटीवरच: ‘अमेरिकेची तांदळाची राजधानी’. तांदळाचा उत्सव १९३७ पासून भरतो. इथले जुने केजन शेतकरी सखल जागी बी फेकून द्यायचे आणि पावसावर सोडायचे, त्याला म्हणायचे ‘प्रॉव्हिडन्स राइस’, म्हणजे देवाच्या भरवशावरचा भात. १८८० नंतर मध्य-पश्चिमेकडचे गव्हाचे शेतकरी यंत्रं घेऊन आले आणि देवाची जागा पाटाच्या पाण्यानं घेतली.

मग रेन: ‘जगाची बेडकांची राजधानी’. एके काळी इथले बेडूक मोठमोठ्या हॉटेलांना जायचे. आता भिंतींवर बेडूक रंगवलेत. मग स्कॉट: ‘जगाची बूदँची राजधानी’. बूदँ म्हणजे भात, डुकराचं मांस आणि काळीज मसाल्यात शिजवून आतड्यात भरलेलं. पेट्रोल पंपावरही गरम मिळतं. हा किताब स्कॉटला विधिमंडळानं २०१२ मध्ये दिला, पण त्याआधी शेजारच्या ब्रूसर्डनंही जगाची राजधानी म्हणवून घेतलं होतं. मागे राहिलेल्या जेनिंग्जनं मग थेट ‘विश्वाची राजधानी’ लावलं. जग दुसऱ्यानं घेतलं तर विश्व तरी आपलं.

मला हे ऐकताच गावाकडची माणसं आठवली. जळगावची केळी, नागपूरची संत्री, सोलापूरची चादर. आमच्या सांगलीची हळद तर विचारूच नका. पण विधिमंडळात ठराव करून घ्यायची कल्पना आपल्याला सुचली नाही, एवढं खरं.

नवऱ्यानं दोन बूदँ गाडीच्या बॉनेटवरच उभ्यानं खाल्ली. सासूबाई शुद्ध शाकाहारी. त्यांनी तोंड फिरवलं आणि विचारलं, “भात चांगला, मग त्याला तिथं कशाला नेऊन भरायचा?”

मुक्काम लाफायेतला. नाव १८८४ पासूनचं. त्याआधी हे व्हर्मिलियनव्हिल.

शुक्रवार

मुक्कामाच्या घरमालकीणबाईंनी सकाळी ‘कूश-कूश’ केलं. मक्याचं जाड पीठ, मीठ, पाणी, काळ्या लोखंडी भांड्यात तेलावर. खाली खरपूस पापुद्रा धरला की मोडायचा, पुन्हा धरू द्यायचा, पुन्हा मोडायचा. सासूबाई शेजारी उभं राहून बघत होत्या. म्हणाल्या, “उपमाच हा. मक्याचा.” वर दूध, आणि त्यावर पिवळ्या डब्यातून एक काळपट पाक.

मी बोट बुडवून चाटलं आणि गप्पच झाले. काकवी! सांगली-कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर कढईतून ताकाच्या तांब्यात मिळते ती. डब्यावर स्टीन्स हे नाव. ॲबव्हिल गावात १९१० पासून उसाचा रस उघड्या कढयांत आटवून हा पाक करतात. आदल्या दिवशी भातच भात दिसल्यामुळे माझ्या लक्षातच आलं नव्हतं की पूर्वेकडे, बायू टेशच्या काठानं, सगळा ऊस आहे. घरमालकीणबाईंना मी सांगितलं की आमच्याकडे हे भाकरीशी खातात. त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे?” मी ‘इंडिया’ म्हटलं, तर हात हलवून म्हणाल्या, “ते कळलं. गाव कुठलं?”

जाताना त्यांनी बजावलं, लेंट चालू आहे, आज शुक्रवार, इथं कुणी मांस खात नाही. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, आपल्या चातुर्मासाचा भाऊ. सासूबाईंचा चेहरा इतका खुलला की सांगायची सोय नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा एका अख्ख्या गावाचा स्वयंपाक त्यांना चालणार होता. मीही बोलले नाही, कारण मलाही वाटलं चालेल.

सेंट मार्टिनव्हिल लाफायेतपासून अर्ध्या तासावर. बायू टेश म्हणजे संथ, चहाच्या रंगाचा ओढा. नदी म्हणावी तर वाहताना दिसत नाही. काठावर ओकचं झाड आहे, इव्हँजेलिन ओक. अमेरिकी कवी लाँगफेलो यानं १८४७ मध्ये केजनांच्या पूर्वजांवर दीर्घकाव्य लिहिलं. त्यातली इव्हँजेलिन ताटातूट झालेल्या प्रियकराला देशभर शोधत फिरते. बाई काल्पनिक. पण गावात तिच्या नावाचं झाड आहे आणि चर्चच्या मागे पुतळा आहे. पुतळ्याचा चेहरा डोलोरेस देल रिओ या मेक्सिकन नटीचा, कारण १९२९ च्या चित्रपटात तिनं इव्हँजेलिन केली होती. कवी बॉस्टनकडचा, नटी मेक्सिकोची, नायिका झालीच नाही, आणि लोक फुलं वाहतात. मला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. खरी गोष्ट इतकी मोठी होती की तिला कुणातरी एका बाईचा चेहरा हवा होता.

खरी गोष्ट झाडाजवळच्या अकेडियन स्मारकात आहे. १६०४ पासून फ्रेंच शेतकरी आजच्या कॅनडात, नोव्हा स्कोशियाकडे, वस्तीला आले. त्या मुलखाला म्हणायचे अकादी. समुद्राला बांध घालून त्यांनी खारजमीन पिकाखाली आणली. (नवरा: “कोकणातल्या खारबंधाऱ्यांसारखं.” या खेपेला बरोबर होता.) १७१३ च्या तहात तो मुलूख ब्रिटिशांकडे गेला. हे लोक दोन्ही राजांच्या भांडणात पडायला तयार नव्हते. ब्रिटिश राजाची बिनशर्त शपथ घेईनात. १७५५ मध्ये घरंदारं जाळून त्यांना जहाजांत भरायला सुरुवात झाली. पुढच्या आठेक वर्षांत १०,००० हून अधिक माणसं हाकलली गेली. कुणी मॅसॅच्युसेट्सला, कुणी इंग्लंडच्या कैदेत, कुणी फ्रान्सच्या बंदरात. कित्येक वाटेतच गेली. ते या सगळ्याला एक साधाच शब्द वापरतात, ‘ल ग्राँ देराँजमाँ’. शब्दशः घ्यायचा तर ‘मोठी गैरसोय’. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया दुष्काळाविषयी बोलताना ‘जरा ओढ होती’ म्हणतात, त्या जातीचा शब्द.

१७६५ मध्ये जोझेफ ब्रूसर्ड, टोपणनाव बोसोलेय, दोनेकशे माणसं घेऊन इथल्या गवताळ मुलखात पोचला. १७८५ मध्ये फ्रान्सहून सात जहाजं आली, सुमारे १,६०० माणसं. तेव्हा लुइझियाना स्पेनच्या ताब्यात. अकेडियनाच्या, म्हणजे या केजन मुलखाच्या, झेंड्यात म्हणून फ्रान्सची तीन फुलं, स्पेनचा किल्ला आणि मेरीमातेचा तारा असं सगळंच आहे. ‘अकादियँ’चं ‘कादियँ’ झालं, आणि इंग्रजी तोंडात ‘केजन’.

स्मारकात एक ज्योत आहे आणि एक भिंत, तिच्यावर इथं आलेल्यांची सुमारे ३,००० नावं. आमच्यासमोर एक जोडपं बोट फिरवत आडनाव शोधत होतं. सापडल्यावर बाईंनी नावावर तळहात ठेवला, फोटो काढला नाही. सासूबाई बराच वेळ भिंतीसमोर उभ्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “आमची कुणी अशी लिहून ठेवली नाहीत गं. राजांची ठेवली. देवळावर केवढी मोठी!” बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये मराठीत भोसल्यांचा इतिहास कोरवला आहे, तो त्या म्हणत होत्या.

हद्दपारीबद्दल ब्रिटनकडून शब्द यावा म्हणून लुइझियानातल्या वॉरन पेरिन नावाच्या वकिलानं १९९० पासून अर्ज लावून धरला होता. २००३ मध्ये राणीच्या नावानं जाहीरनामा निघाला, त्यात झालेल्या हालांची कबुली आहे. २८ जुलै हा स्मरणदिन. माफी नाही, पैसा नाही, फक्त झालं ते झालं असं लिहून मिळालं. त्यासाठी तेरा वर्षं.

दुपारी ब्रो ब्रिज, ‘जगाची क्रॉफिशची राजधानी’, १९५९ चा ठराव. गावाच्या नावातल्या ‘ब्रो’मध्ये सहा रोमन अक्षरं आहेत आणि शेवटच्या चारांचा मिळून उच्चार फक्त ‘ओ’. इथल्या निम्म्या आडनावांना ही शेपटी: बूद्रो, टिबोडो. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या पाट्यांवर इंग्रजी ‘गो’सुद्धा याच शेपटीनं लिहितात. बूद्रो आणि टिबोडो ही इथल्या विनोदातली ठरलेली जोडी, आपल्या बंड्याचे मावसभाऊ.

आणि जेवण. शाकाहारी काय, विचारल्यावर मुलगी हसून म्हणाली, आज सगळंच बिनमांसाचं! मग तिनं वाचलं: क्रॉफिशचं एतूफे, म्हणजे भातावरचा दाट रस्सा, तळलेला मासा, कोळंबीचं गंबो, म्हणजे आमटीसारखं कालवण, खेकडा. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मासा मांसात येत नाही ही इथल्या चर्चची भूमिका आमच्या गोव्याच्या शेजारीणबाईंना लगेच पटली असती. मग मी लाल घेवडा मागवला. मांस नाही ना, असं दोनदा विचारलं. दोनदा ‘नाही’ मिळालं, आणि दुसऱ्या घासाला सासूबाईंच्या चमच्यात डुकराच्या चरबीचा तुकडा आला. चवीपुरतं घातलं तर ते मोजत नाहीत, हे नंतर कळलं. त्यांनी चमचा खाली ठेवला, पाणी प्यायलं आणि पिशवीतून दहीभाताचा डबा काढला. मी मात्र संतापले होते. त्याच म्हणाल्या, “अगं, तिनं फसवलं नाही. तिला तो दिसतच नाही.”

शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून क्रॉफिशचा ढीग ओतला होता, उकडलेली कणसं-बटाटे मध्ये, वाफ तिखट. शेपटी पिळायची, मांस ओढायचं, डोकं चोखायचं. नवऱ्यानं तीन पौंड संपवले. बोटं दोन दिवस लाल.

शनिवार

आजचा दिवस लांबच्या लांब लिहिणार आहे, त्यासाठीच तर बसले.

पहाटे निघून उत्तरेला मामू. होय, गावाचं नाव मामू. नवरा हैदराबादी ढंगात ‘क्या मामू’ करत राहिला. तीन हजार वस्तीचं, एक मुख्य रस्ता असलेलं गाव, पण किताब ‘जगाची केजन संगीताची राजधानी’. रस्त्यावर फ्रेड्स लाउंज नावाचा विटांचा छोटा बार आहे. तो फक्त शनिवारी सकाळी उघडतो. १९६२ पासून तिथून रेडिओवर थेट कार्यक्रम होतो. निवेदन फ्रेंचमध्ये, दुकानांच्या जाहिरातीही फ्रेंचमध्ये. सकाळी नऊला आम्ही आत शिरलो तेव्हा दोरी बांधून केलेल्या चौकोनात वादक आणि भोवती जोडपी वॉल्ट्झ नाचत होती, हातात बिअर. तंजावरच्या घरंदाज बाई, कपाळावर कुंकू, बारमध्ये, सकाळी. मला वाटलं आता बाहेर पडायचं म्हणतील. त्या भिंतीच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “पेटी वाजवतायत.”

अकॉर्डियन. दहा बटणांचं, लहानसं. आत धातूच्या पत्त्या आणि भाता, म्हणजे आपल्या हार्मोनियमचं भावंडच. ती पेटी युरोपातून आपल्याकडे आली, नाट्यसंगीतात आणि भजनात जाऊन बसली. ही जर्मनीहून या गवताळ मुलखात आली आणि इथली झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा माल थांबला, तेव्हा इथलेच लोक ती बनवू लागले.

तिथून युनिसला, अकॉर्डियन बनवणाऱ्या मार्क सव्वा यांच्या दुकानात. १९६६ पासूनचं दुकान. शनिवारी सकाळी जो येईल तो वाजवायला बसतो. पाच-सहा व्हायोलिनं, दोन पेट्या, गिटार, आणि एका पोराच्या हातात लोखंडी त्रिकोण. पूर्वी तो गवत ओढायच्या दाताळ्याचे दात वाकवून करत. काम टाळांचं. गोल करून बसलेले, कुणी नायक नाही, एक गाणं संपलं की कुणीतरी दुसरं धरतो. सासूबाई पायावर ताल धरून होत्या. भजनाच्या बैठकीला आणखी काय लागतं?

त्यांच्या शेजारच्या खुर्चीत एक ऐंशीच्या घरातले आजोबा होते, इस्त्रीचा शर्ट, टोपी मांडीवर. त्यांनी इंग्रजीत विचारलं, कुठून आलात. सासूबाई: ह्यूस्टन. ते तर झालं, पण कुठल्या? मद्रास. आजोबा थांबले आणि म्हणाले, “हो, पण तुमचे लोक कोण?”

हा प्रश्न इथं सगळे विचारतात: तुमचे लोक कोण, आई कुणाकडची. आपल्याकडे एसटीत शेजारचा माणूस ‘मूळ गाव कोणतं’ म्हणून जो सुरू होतो, आणि दोन थांब्यांत तुमच्या मामाच्या साडूपर्यंत पोचतो, त्यातलाच. मला हा प्रश्न नेहमी आगाऊ वाटत आला. सासूबाईंनी मात्र त्या दिवशी खुर्ची वळवली आणि सगळं सांगितलं. राजे कसे खाली उतरले, माणसं कशी मागे गेली, मग परतायचं राहूनच गेलं, घरात एक भाषा आणि दारात दुसरी, आणि आपल्या मुलखातली माणसं भेटली की ती हसतात.

आजोबा म्हणाले, “मी शाळेत गेलो तेव्हा मला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. लघवीला जाऊ का, हे विचारता यायचं नाही. ओली चड्डी घेऊन बसायचं. मैदानावर फ्रेंच बोललो तर पाटीभर लिहायचं, ‘मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही.’ दोनशे वेळा. ते वाक्य मी आधी लिहायला शिकलो, अर्थ नंतर कळला.”

हे एकट्याचं नव्हे. १९१६ च्या कायद्यानं शाळा सक्तीची झाली आणि १९२१ च्या राज्यघटनेनं शिकवणं फक्त इंग्रजीत. एका पिढीनं मार खाल्ला आणि ठरवलं की पोरांना हे नको. आजोबांनीही मुलांशी फ्रेंच बोलायचं सोडलं. “बायकोशी भांडताना तेवढं फ्रेंच. पोरांना फक्त शिव्या येतात.” १९६८ मध्ये राज्यानं उलटी गिरकी घेतली, जेम्स डोमेंजो या माजी काँग्रेस सदस्याच्या पुढाकारानं फ्रेंच वाचवायला कोडोफिल ही संस्था निघाली. शिक्षक आणले फ्रान्सहून, बेल्जियमहून, क्वेबेकहून. आता आजोबांची नात फ्रेंच माध्यमाच्या वर्गात जाते.

“आणि काय सांगू,” आजोबा म्हणाले, “मी गाडीला ‘शार’ म्हणतो. ती म्हणते, पोप, ‘शार’ नाही, ‘व्ह्वात्यूर’. मी कोळंबीला ‘शव्रेत’ म्हणतो. ती म्हणते ‘क्रव्हेत’. आधी इंग्रजी येत नाही म्हणून छडी, आता फ्रेंच येत नाही म्हणून दुरुस्ती.” ते हसत होते. खरंच हसत होते, त्यात कढ नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, “माझी सून पण.”

मी गिटारवाल्याकडे बघत राहिले.

त्यांनी मला काही बोल लावला नाही. नंतरही नाही. पण मी बहिणीला करून दाखवलेली प्रत्येक नक्कल त्या दिवशी मला आठवली, शब्दासकट. ‘शार’ काही बिघडलेला ‘व्ह्वात्यूर’ नाही. तो जुना शब्द आहे, गाड्याचा. मोटार आली तेव्हा तिला तोच लावला. पॅरिसनं वेगळा निवडला, एवढंच. आणि पुण्या-मुंबईनं काय निवडलं, याची तंजावरला कुणी तार केली नव्हती.

निघताना आजोबांनी टोपी उचलून सासूबाईंना म्हटलं, “लाश पा ला पतात.” म्हणजे बटाटा सोडू नकोस. हिंमत धर, चिकटून राहा, असा इथला वाक्प्रचार. नवऱ्यानं भाषांतर करून सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, बटाटा एवढा एकच पदार्थ मला इथं मिळतो, मी कशाला सोडू.

दुपारी झोप. संध्याकाळी युनिसच्याच लिबर्टी थिएटरात, १९२४ च्या इमारतीत, शनिवारचा फ्रेंच कार्यक्रम. फारसं काही समजलं नाही. मंचासमोरच्या मोकळ्या जागेत नाचणारे सत्तरीचे लोक, आणि बाप-लेकी, आजी-नातू. केजन संगीताची पहिली ध्वनिमुद्रिका १९२८ ची, ‘लाफायेतला चला’ अशा अर्थाचं गाणं. ते सुरू झालं तेव्हा अख्खं थिएटर उठलं.

रात्री नवऱ्यानं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं: इथल्या एका केजन माणसानं, कामावर त्याला जातीवाचक शिवी दिली जाते म्हणून, केंद्रीय न्यायालयात दावा लावला होता. कंपनीचं म्हणणं, अकेडिया नावाचा देशच नव्हता, मग राष्ट्रीय मूळ कुठलं? १९८० मध्ये न्यायाधीशांनी केजनांना कायद्याचं संरक्षण लागू केलं. तेव्हा जी शिवी होती तिच्या शेजारचा शब्द आज ह्यूस्टनमधल्या वेफर्सच्या पाकिटावर आहे. ‘केजन’ म्हणजे तिखट लाल भुकटी, असं बाहेर सगळे समजतात. घरमालकीणबाई म्हणाल्या, आमच्या जेवणात तिखट नसतं, रू असतो, पीठ तेलात बदामी होईपर्यंत भाजलेलं. आणि जांबालायात, म्हणजे इथल्या मसालेभातात, टोमॅटो घालतात ते न्यू ऑर्लीन्सवाले. हे म्हणताना त्यांचा आवाज असा, की कोल्हापूरच्या माणसाला पुणेरी मिसळ पुढे करून ‘तुमचीच की’ म्हणावं.

रविवार

पाऊस. अचाफलाया दलदलीतली होडीची सफर रद्द. झाडांच्या बुंध्यांत पाणी आणि मगरी, सगळं राहिलं.

मग ओपलूसाकडे गेलो, ‘जगाची झायडेको राजधानी’. झायडेको हे काळ्या क्रिओल लोकांचं संगीत. फ्रेंच त्यांचीही, पेटी त्यांचीही, अंगावर लटकवून वाजवायचा पन्हाळी पत्रा मात्र त्यांचाच खास. गावाबाहेर पर्यटन केंद्राजवळ आमेदे आर्डवँचा पुतळा आहे, २०१८ मध्ये उभारलेला. हा क्रिओल वादक. १९२९ पासून त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, गोऱ्या व्हायोलिनवादक डेनिस मॅगीच्या साथीनं. शनिवारी जे ऐकलं त्यातला बराच पाया याचा. सांगतात ते असं, की एका नाचाच्या रात्री गोऱ्या बाईनं घाम पुसायला रुमाल दिला आणि यानं तो घेतला, म्हणून परतताना त्याला बेदम मारून टाकून दिलं. १९४२ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. थडग्याला नाव नाही.

शुक्रवारच्या भिंतीवर ३,००० नावं होती. पुतळ्यासमोर छत्री धरून उभी होते तेव्हा मला तीच आठवत होती. ज्यांच्यावर एवढं गुजरलं त्यांचीच पोरं पुढे रुमालासाठी माणूस मारतात, हे कुठल्या राजधानीच्या पाटीवर लिहितील? सासूबाईंना मी सगळी गोष्ट सांगितली नाही. त्यांनी विचारलं, हा पेटीवाला ना? मी हो म्हटलं.

भेंडीची हकीकत मात्र सांगितली. गंबो हा शब्द आफ्रिकेतला, भेंडीचाच. गुलामांबरोबर भेंडी इथं आली आणि केजनांच्या पातेल्यात गेली. “म्हणजे भेंडीची आमटी. मग त्यात ते बाकीचं कशाला?” हे त्यांचं म्हणणं अजून कायम आहे.

परतताना स्कॉटला थांबून नवऱ्यानं बर्फाच्या पेटीत आठ पौंड बूदँ भरलं, मी काकवीचे चार पिवळे डबे घेतले. सबीनच्या पुढे विश्रांतीच्या थांब्यावर पाय मोकळे करायला उतरलो. बाकावर एक कुटुंब पराठे सोडत होतं, आजी, आजोबा, मुलगा, सून. आवाज ऐकू आला, “लोणचं कुठं ठेवलंस गं?” सासूबाई त्यांच्या जवळून गेल्या. आजींनी कुंकू बघितलं आणि हसून मराठीतच विचारलं, “मूळचे कुठले तुम्ही?”

मी श्वास धरला.

“तंजावरच्या,” सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या मराठीत, पूर्ण हेलासकट, आणि बाकावर बसत विचारलं, “तुमचे लोक कोण?”

आजी नाशिककडच्या निघाल्या. मग नाशिक, मग गोदावरी, मग कावेरी, मग आंबट वरणात गूळ घालतात की नाही. मध्येच आजी एकदा हसल्या, कुठल्याशा शब्दाला. सासूबाई थांबल्या नाहीत. तोच शब्द पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाल्या. नवऱ्यानं गाडीतून दोनदा हॉर्न वाजवला. बर्फ वितळत होता.